१९ वर्षांचा मुलगा, पूर्णवेळ काळजी घेणारी आई : आर्थिक मदत कुठून आणि कोणत्या क्रमाने मिळवावी?

माणदेशी :

नात्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. मुलगा १९ वर्षांचा. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), सोबत बौद्धिक अक्षमता. आधार दिला तर बसतो, चालत नाही, मोजके शब्द बोलतो. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं आईकडे, त्यामुळे ती कमवायला बाहेर पडू शकत नाही. वडील ५७ वर्षांचे, खासगी कारखान्यात कायम, हातात महिना २८,००० येतात. पुढच्या मार्चअखेर निवृत्त होतील. मोठी बहीण नुकतीच नोकरीला लागली आहे. राहायला खेड्यात.

कागद एकच आहे : २०१७ चं सिव्हिल हॉस्पिटलचं हाताने लिहिलेलं सर्टिफिकेट, त्यावर 'मतिमंदत्व ७५%'. यूडीआयडी (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) काढलेलं नाही. त्याच्या नावाचं बँक खातं 'अज्ञान' म्हणून उघडलेलं होतं. तो सज्ञान झाल्यावर बँकेने व्यवहार थांबवले आहेत.

विचारायचं ते असं. आईला काळजीवाहक म्हणून काही भत्ता मिळतो का? संजय गांधी निराधार योजनेत बसेल का? (गावातला एकजण 'कमी उत्पन्नाचा दाखला करून देतो' म्हणतोय.) फिजिओथेरपी आणि फिट्सच्या औषधांचा खर्च कुठून निघेल? आणि आईवडिलांच्या पश्चात काय, हा प्रश्न तर आहेच.

कागदपत्र :

आईच्या भत्त्याचं आधी सांगते, कारण त्याच्याच शोधात लोकांची वर्षं जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीला काळजीवाहक भत्ता देण्याचा उल्लेख आहे. पण ते राज्यांनी योजना आखावी असं सांगणारं कलम आहे, त्यावरून थेट पैसे मागता येत नाहीत. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाने काळजी घेणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे. आपल्याकडे मदत येते ती दिव्यांग व्यक्तीच्या नावाने, तिच्या कागदांवरून. म्हणून आईच्या नावाने अर्ज शोधत बसू नका, मुलाचे कागद पक्के करा. आत्ता अडकलंय तेही तिथेच.

पहिला कागद म्हणजे नवं प्रमाणपत्र. २०१७ च्या सर्टिफिकेटवर फक्त बौद्धिक अक्षमता आहे. मुलगा चालत नाही, ही चलनविषयक अक्षमता त्यात मोजलेलीच नाही. हे फार महत्त्वाचं आहे, जरा नीट बघा.

बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ठरावीक टप्प्यांत देतात. २०१८ च्या सूचनांत सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० असे टप्पे आहेत. या मुलाचे ७५ म्हणजे 'मध्यम'. ८० टक्क्यांची रेषा पाचाने हुकली. पण दोन अक्षमता असतील तर बेरजेचं सूत्र वेगळं आहे : मोठा आकडा + लहान आकडा × (९० − मोठा आकडा) ÷ ९०. समजा हाडांच्या डॉक्टरांनी चलनविषयक अक्षमता ५० टक्के धरली. मग ७५ + ५० × १५ ÷ ९० = ८३.३. म्हणजे ८० च्या वर. काही योजना, आयकरातली मोठी वजावट आणि काही महापालिकांची जास्तीची रक्कम ८० ची रेषा बघून ठरते. एक तपासणी राहिली म्हणून हे सगळं जातं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीचं सरकारी संकेतस्थळ) ऑनलाइन करायचा, सेतू किंवा सीएससी केंद्रातूनही होतो. इथे एक नेहमीची चूक होते. केंद्रचालक जुनं सर्टिफिकेट स्कॅन करून 'फक्त कार्ड हवंय' असा अर्ज भरतो. मग कार्ड येतं, पण जुन्याच टक्केवारीचं आणि एकाच अक्षमतेचं. म्हणून नव्याने तपासणीचा अर्ज भरा आणि अक्षमतेच्या रकान्यात सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही निवडा. फिट्स येतात, तेव्हा मेंदूविकाराचे कागदही सोबत ठेवा. अर्ज क्रमांकाची पावती छापून घ्या.

सिव्हिलच्या वैद्यकीय बोर्डासमोर तपासणीला जाताना न्यायच्या गोष्टी : जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय किंवा सीटी असेल तर त्याचा रिपोर्ट, बुद्ध्यंक आणि सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीचा रिपोर्ट (हा खूप जुना असेल तर बोर्ड पुन्हा चाचणीला पाठवतं आणि तारीख महिनाभर पुढे जाते, म्हणून आधीच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात विचारून ठेवा), फिजिओथेरपिस्टची टिपण, चालू औषधांची चिठ्ठी. मुलाला नेणं शक्यच नसेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि शिबिराच्या ठिकाणी किंवा घरी तपासणीची विनंती करा. अर्जाची पोच घ्या.

टक्केवारी चुकीची वाटली तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. ते त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली आहे. दिवस मोजून ठेवा.

दुसरी गोष्ट आधार. पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या मुलांचं पंधराव्या वर्षाचं अद्ययावतीकरण हमखास राहून जातं आणि मग पुढे सगळीकडे पडताळणी नापास होते. बोटं ताठर असल्याने ठसे उमटत नसतील तर नोंदणी केंद्रात 'बायोमेट्रिक अपवाद' म्हणून नोंद करायची सोय आहे. केंद्रचालक 'होत नाही' म्हणाला तरी आग्रह धरा. आणि आधार, यूडीआयडी, बँक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं, वडिलांच्या नावासकट.

पाणंद :

संजय गांधी योजनेविषयी.

ऑक्टोबर २०२५ पासून या योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला दरमहा २,५०० रुपये आहेत (आधी १,५०० होते). अटी : किमान ४० टक्के अक्षमता, किमान १५ वर्षं महाराष्ट्रात वास्तव्य, वय ६५ च्या आत, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत. २८,००० महिना म्हणजे वर्षाला ३,३६,०००. आज बसणार नाही.

खोटा दाखला घेऊ नका. कळकळीने सांगतोय. पीएफ, बँक, पगार सगळं आधार-पॅनला जोडलेलं आहे. पडताळणीत सापडलं तर अनुदान बंद होतं, दिलेली रक्कम वसूल होते, आणि पुढे जेव्हा कुटुंब खरोखर पात्र होईल तेव्हा त्याच तहसीलमध्ये त्याच फाइलवर शेरा पडलेला असतो. तुमच्या बाबतीत तर हा दिवस लांब नाही, म्हणून आणखी सांभाळा.

ते असं. वडील मार्चअखेर निवृत्त झाले की त्यांना ईपीएफओची (भविष्य निर्वाह निधी संघटनेची) पेन्शन सुरू होईल. समजा ती ३,२०० रुपये महिना बसली. वर्षाचे ३८,४०० होतात. शेतीचं किंवा दुसरं उत्पन्न नसेल तर निवृत्तीनंतरच्या पहिल्या पूर्ण आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ५०,००० च्या आत येऊ शकतो, तोही खरा. दोन ठिकाणी घोळ होतो. पीएफची सगळी रक्कम मुदत ठेवीत ठेवली तर व्याज उत्पन्नात धरलं जातं आणि मर्यादा ओलांडते. आणि बहीण त्याच शिधापत्रिकेवर असेल तर तिचा पगार कुटुंबाच्या उत्पन्नात येतो. ती नोकरीसाठी खरोखर दुसरीकडे राहत असेल तर तिथला पत्ता, तिथली शिधापत्रिका, ही कागदोपत्री स्थिती वस्तुस्थितीप्रमाणे आधीच करून घ्या. मात्र ५०,००० च्या आत बसायचं म्हणून ठेव मोडून पैसे घरात ठेवू नका. २,५०० रुपयांच्या अनुदानासाठी म्हातारपणची पुंजी धोक्यात घालणं चुकीचं आहे. ठेव आणि अनुदान दोन्हींचा हिशेब मांडून काय ते ठरवा.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत. सेतूतूनही जातो. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, यूडीआयडी, शिधापत्रिका, आधार, बँक पासबुक. मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे अर्ज दिल्यावर बैठक कधी आहे ते विचारून घ्या. मंजुरीनंतर पैसे डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतात, आणि इथे एक गैरसमज आहे : खात्याला आधार 'जोडलेलं' असणं वेगळं आणि ते खातं डीबीटीसाठी एनपीसीआयमध्ये (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या खात्यात जायचे ही नोंद ठेवणारी संस्था) 'सीडेड' असणं वेगळं. बँकेत 'आधार सीडिंग डीबीटीसाठी करा' असा लेखी फॉर्म द्या. मंजूर होऊनही सहा-सहा महिने पैसे न येण्याचं हे सर्वांत मोठं कारण. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की अनुदान थांबतं.

मधल्या काळात ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी बघा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, सगळ्यांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची आहे. घरपट्टी-पाणीपट्टी जास्त जमते तिथे हा निधी बरा असतो, लहान गावात वर्षाला काही हजारच निघतात. तरी नाव नोंदवा. ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत मुलाचं नाव आहे का ते आधी बघा, नसेल तर यूडीआयडीची प्रत जोडून अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. मग एप्रिल-मेमध्येच लेखी विचारा की यंदा स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, खर्च कशावर ठरलाय. फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो, तोवर पैसे कशावर तरी टाकून झालेले असतात. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. बहुतेक ठिकाणी नुसता हा अर्ज गेला की रक्कम निघते.

शहरात राहणारे कुणी वाचत असतील तर : महापालिकांच्या योजना वेगळ्या आणि बऱ्याचदा मोठ्या असतात. मुंबई महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजना ४० ते ८० टक्क्यांना महिना १,००० आणि ८० च्या वर ३,००० या हिशेबाने, सहा महिन्यांनी एकदा देते. ८० ची रेषा का महत्त्वाची ते इथे दिसतं. आपापल्या पालिकेच्या समाज विकास विभागात विचारा.

जमाखर्च :

वडिलांच्या निवृत्तीबद्दल फार महत्त्वाचं एक राहतंय. ईपीएस-९५ मध्ये (ईपीएफओची पेन्शन योजना) सभासदाच्या मृत्यूनंतर मुलांना पेन्शन एरवी २५ वर्षांपर्यंतच मिळते. पण मूल कायमचं आणि पूर्णपणे अक्षम असेल तर ती वयाची अट नाही, आयुष्यभर मिळते. किती मुलं आहेत त्याचीही अट नाही. मात्र त्यासाठी नाव आणि अक्षमता दोन्ही नोंदीत हवं. आत्ता, नोकरीत असतानाच ईपीएफओच्या ई-नॉमिनेशनमध्ये (वारसांची ऑनलाइन नोंद) कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव टाका. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा १०डी अर्ज भरताना तो अक्षम असल्याची नोंद करा आणि नव्या प्रमाणपत्राची प्रत जोडा. वडील गेल्यावर हे उभं करायचं म्हणजे आईला त्याला घरी सोडून प्रादेशिक कार्यालयाच्या फेऱ्या. सरकारी नोकरांच्या कुटुंब निवृत्तिवेतनातही दिव्यांग अपत्याची तरतूद आहे, तिथेही सूत्र तेच : नोंद हयातीत.

आयकराचं थोडक्यात, कारण यावर खूप अर्धवट माहिती फिरते. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ८०डीडीनुसार अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी ७५,००० रुपयांची वजावट, ८० टक्के आणि वर असेल तर १,२५,०००. खर्च किती झाला याचा संबंध नाही, पूर्ण रक्कम मिळते. जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊ, बहीण यांच्यासाठी घेता येते, म्हणजे भाऊ मुख्यतः बहिणीवर अवलंबून असेल तर बहिणीलाही. पण ही फक्त जुन्या करपद्धतीत. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर (पगारदारांना प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाख) कर शून्य आहे. त्यामुळे वडिलांना याचा काही उपयोग नाही आणि बहिणीचा पगार त्याखाली असेल तर तिलाही नाही. पगार जास्त असेल तेव्हा दोन्ही पद्धतींचा कर काढून बघायचा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहुविकलांगता यांत फॉर्म १०-आयए (सरकारी डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला) लागतो, नुसतं यूडीआयडी पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा विवरणपत्र भरताना जुन्या क्रमांकावर अडून राहू नका.

ओसरी :

औषधं आणि थेरपीसाठी 'निरामय' काढा. राष्ट्रीय न्यासाची (केंद्र सरकारची संस्था) आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी. वर्षाला १ लाखापर्यंत. वयाची अट नाही, आधीची वैद्यकीय तपासणी नाही, जन्मजात आजार म्हणून नाकारत नाहीत. बाजारातल्या विम्यात हेच मिळत नाही. मुख्य म्हणजे दवाखान्यात दाखल न होताही बाह्यरुग्ण तपासणी, औषधं आणि नियमित थेरपीचा खर्च यात येतो. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला २५०, इतरांना ५००, नूतनीकरण ५० आणि २५०.

मात्र १ लाख हा एकूण आकडा आहे. आत कप्पे आहेत : शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण, थेरपी, प्रवास, प्रत्येकाची कमाल वेगळी. थेरपीचा कप्पा महिन्याच्या फीला पुरेल असं धरू नका, काही महिन्यांचा भार हलका होतो. आधी खर्च करायचा, मग परतावा. दावे फेटाळले जातात ते बहुतेक कागदांमुळे :

बिल मूळ प्रत नाही, झेरॉक्स लावली. थेरपीचं बिल एकरकमी 'तीन महिने' असं लिहिलं, तारखा नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी बिलानंतरच्या तारखेची. थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक शिक्क्यावर नाही. बँक खातं बंद किंवा नाव वेगळं. तेव्हा थेरपिस्टकडून महिन्याच्या महिन्याला, हजेरीच्या तारखांसह, सहीशिक्क्याचं बिल घ्या आणि दावा साठवून न ठेवता लगेच पाठवा. नूतनीकरण ३१ मार्चच्या आत करा. मुदत गेली की मधल्या काळातली बिलं वाया.

दाखल व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, यादीतल्या रुग्णालयात, आधी पैसे न भरता. दोन्हींची सरमिसळ करू नका. रोजची औषधं निरामयमध्ये, मोठं ऑपरेशन जन आरोग्यमध्ये.

साधनांसाठी केंद्राची एडिप योजना. महिना उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, २२,५०१ ते ३०,००० मध्ये निम्मी किंमत. म्हणजे आज २८,००० वर निम्मी आणि निवृत्तीनंतर पूर्ण. एकदा घेतलं की त्याच कारणासाठी पुढची ३ वर्षं मिळत नाही, म्हणून घाईत चुकीची खुर्ची घेऊ नका. शिबिरात बऱ्याचदा सरसकट एकाच मापाची व्हीलचेअर पुढे करतात. ज्याचं धड स्वतः सावरत नाही त्याला ती चालत नाही. तो एका कुशीवर कलतो, पाठीचा कणा वाकतो, माकडहाडावर जखमा होतात. सेरेब्रल पाल्सीसाठीची आधाराची खुर्ची मागा. तपासणीच्या दिवशी मापं स्वतः लिहून न्या : नितंबांची रुंदी, त्यात दोन्ही बाजूंना मिळून ३ ते ५ सेंटिमीटर मोकळीक, आणि पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं अंतर, त्यातून ४-५ सेंटिमीटर वजा. बैठक याहून खोल असेल तर मुलगा पुढे घसरत राहतो आणि आईला दिवसातून वीस वेळा ओढून बसवावं लागतं.

माणदेशी :

सगळ्यांचे आभार. पालकत्वाचं कुणी सांगेल का? बँक म्हणतेय 'कोर्टातून आणा'. आई स्वतःच पालक असताना कोर्ट कशाला, हे घरच्यांना पटत नाहीये. आणि आईला जरा उसंत मिळेल असं काही?

कागदपत्र :

बँकेची अर्धी गोष्ट बरोबर आहे. १८ पूर्ण झाले की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, मूल कितीही अवलंबून असो. पण कोर्टात जायला लागत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ च्या कलम १४ खाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी, एक नोंदणीकृत संस्था आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती असते. तिचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी मानावं असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. शाखेत लेखी अर्ज देऊन नकारही लेखी मागा. 'कोर्टातून आणा' हे बँकेचा माणूस कागदावर सहसा लिहून देत नाही, आणि मग प्रकरण वरच्या कार्यालयात जातं. (ज्यांच्याकडे निव्वळ मानसिक आजार, स्मृतिभ्रंश किंवा कोमाची केस आहे त्यांना ही समिती चालत नाही, तिथे खरोखर न्यायालयात जावं लागतं.)

अर्ज राष्ट्रीय न्यासाच्या संकेतस्थळावर किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातून. आई आणि वडील दोघांनी मिळून करावा. लागणारं : यूडीआयडी, जन्मदाखला, दोघांचे आधार, नात्याचा पुरावा, फोटो, बहिणीचं ना-हरकत पत्र. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असा कायदा आहे. बैठक झालीच नाही तर जिल्हाधिकाऱ्यांना त्या कलमाचा, १३(४) चा, उल्लेख करून पत्र द्या.

प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं असं समजू नका. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. मुलाच्या नावावर काहीच नसेल तरी 'काही नाही' अशी यादी द्या. हे कुणी सांगत नाही, आणि पुढे पालक बदलायच्या वेळी फाइल अपुरी निघते.

पश्चातसाठी : ठेवी आणि विम्यात थेट मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लावून मोकळं होऊ नका. तो स्वतः सही करू शकत नाही, त्यामुळे त्या वेळी पालक कोण हे ठरलेलं नसेल तर पैसे अडकतात. वडिलांनी मृत्युपत्र करावं, त्यात मुलाचा हिस्सा कुणी, कशासाठी, कसा वापरायचा ते लिहावं. रक्कम किंवा घर मोठं असेल तर भारतीय न्यास अधिनियम १८८२ खालचा खासगी ट्रस्ट वकिलाकडून करून घ्यावा. पुढची पालक म्हणून बहीण तयार आहे का, हे तिला गृहीत न धरता विचारा. तिची संमती लागतेच, आणि तिने मनापासून दिलेली असावी.

ओसरी :

आईच्या उसंतीबद्दल. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ-घरौंदा' केंद्रांत राहण्याची सोय असते, तर 'दिशा-विकास' केंद्रं दिवसभराची. तुमच्या जिल्ह्यात कोणती संस्था नोंदणीकृत आहे ते न्यासाच्या यादीत जिल्ह्याप्रमाणे दिसतं. गावापासून लांब असेल तर रोज नेणं जमणार नाही. अशा वेळी आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन तास, गावातल्याच कुणा बाईला पैसे देऊन शिकवून तयार करणं जास्त टिकतं. शिकवायच्या गोष्टी चार : भरवताना मान किंचित पुढे ठेवणं, फिट आली तर कुशीवर वळवणं आणि तोंडात काही न घालणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, आणि पाठीऐवजी गुडघे वाकवून उचलणं. शेवटचं आईनेही शिकायचं आहे. १९ वर्षांचा मुलगा एकटीने उचलणाऱ्या बाईची कंबर जाते, आणि तिची कंबर गेली तर घरात त्याला बघणारं दुसरं कुणी नाही. सरकवण्यासाठी जाड चादर आणि दोन माणसं वापरा. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रातला फिजिओथेरपिस्ट हे एका भेटीत दाखवतो.

प्रवासाच्या सवलतीत सोबत्याचाही विचार आहे. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत, अक्षमता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला ५० टक्के. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के, सोबत्याला तेवढीच. रेल्वेला यूडीआयडी पुरत नाही, त्यांच्या नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. बोर्डाच्या तपासणीच्या दिवशीच तो कोरा नमुना सोबत न्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

आईची झोप उडाली असेल, सारखं रडू येत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, रात्रीही, मराठीत बोलता येतं. तो मुलासाठीच्या मदतीचा नाही, तिच्यासाठीचा आहे, असं तिला सांगा.

पाणंद :

क्रम एका जागी हवा असेल तर : या आठवड्यात यूडीआयडीचा नवा अर्ज आणि आधारची दुरुस्ती. कार्ड येईपर्यंत ई-नॉमिनेशन. कार्ड आलं की त्याच दिवशी निरामय, ग्रामपंचायतीची नोंद आणि स्थानिक स्तर समितीचा अर्ज, तिन्ही एकदम. खातं सुरू झालं की सीडिंग. संजय गांधीचा अर्ज वडिलांच्या निवृत्तीनंतरचा दाखला हातात आल्यावर.

कुठेही कार्ड, पालकत्व किंवा निधी कारण न देता अडवला तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना २०१६ च्या कायद्याने चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. तक्रार साध्या कागदावर चालते, पण त्यासोबत प्रत्येक अर्जाची आवक क्रमांक असलेली पोच लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून एक प्लास्टिकची फाइल करा आणि मूळ यूडीआयडी कुणाच्याही हातात देऊ नका, कायम झेरॉक्स.